पासवर्ड बरोबर, तरी सॉफ्टवेअर बाहेर का काढतं? हिशेबातल्या सेशनच्या अडचणी मुळापासून सोडवण्यासाठी

खरेदीचं लांबलचक बिल आहे. ३२ ओळी भरून झाल्या, एकूण रक्कम कागदाशी जुळली, ‘सेव्ह’ दाबलं आणि बिलाऐवजी समोर आलं लॉगिनचं पान. वर लाल अक्षरांत ‘सेशन एक्स्पायर्ड’, म्हणजे लॉगिन करून आत राहण्याची मुदत संपली.

अशा वेळी हात आपोआप पासवर्ड टाकायला जातो, नाहीतर मागे जायच्या बाणाकडे. दोन्ही थांबवा. लॉगिन १० मिनिटांनी झालं तरी बिघडत नाही, पण त्या बिलाचं काय झालं ते आत्ताच बघायला हवं. या गडबडीत खरं नुकसान लॉगिनचं नसून वहीचं असतं. एंट्री अर्धवट राहते किंवा एकच बिल दोनदा चढतं, आणि पुढे कधीतरी पार्टीचा खातेउतारा जुळेनासा झाला की ते ध्यानात येतं. तोवर कोणाला आठवणार, त्या दिवशी काय झालं होतं?

आधी एंट्री, मग लॉगिन

भरलेला फॉर्म अजून स्क्रीनवर दिसत असेल आणि फक्त वर चूक दाखवणारी चौकट आली असेल, तर तुमचं काम अजून शाबूत आहे. लगेच मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. खाली सरकवून उरलेल्या ओळींचाही काढा. नॅरेशन, म्हणजे व्यवहाराचा खुलासा, मोठं लिहिलं असेल तर ते कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ती टॅब तशीच राहू द्या आणि त्याच ब्राउझरमध्ये दुसरी टॅब उघडून तिथे लॉगिन करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकाच ब्राउझरच्या सगळ्या टॅबना एकच सेशन लागू होतं, त्यामुळे जुन्या टॅबमधलं ‘सेव्ह’ पुन्हा चालू लागतं. काहींमध्ये प्रत्येक फॉर्मला वेगळी खूण असते. तिथे ही युक्ती चालत नाही, पण फोटो हाताशी असतो.

फॉर्म गेलाच असेल आणि मागे गेल्यावर ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ असं विचारू लागला, तर नाही म्हणा.

आता जुन्या टॅबमध्ये ‘सेव्ह’ दाबण्याआधी किंवा बिल नव्याने भरण्याआधी डे-बुक, म्हणजे दिवसाच्या नोंदींची यादी, उघडा आणि ते बिल आत गेलंय का ते तपासा. शोधताना व्हाउचर नंबरवर जाऊ नका, कारण तो सॉफ्टवेअरने दिलेला असतो आणि दुसऱ्यांदा वेगळा पडतो. पुरवठादाराचा बिल नंबर, पार्टीचं नाव आणि रक्कम या तिन्हींवर शोधा. ही तपासणी का? कारण ‘सेव्ह’ची विनंती सर्व्हरपर्यंत पोचून बिल नोंदलं गेलेलं असू शकतं, आणि फक्त ‘झालं’ हे उत्तर तुमच्यापर्यंत परत आलेलं नसतं. तुमच्या डोळ्यांना दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. न बघता दुसऱ्यांदा भरलं तर देणं दुप्पट, स्टॉक दुप्पट, कराची वजावटही दुप्पट.

बिल्ला हरवतो तेव्हा

उपाय अंदाजाने करायचे नसतील तर सेशन म्हणजे काय ते एकदा समजून घ्यावं लागतं. वेबपानं ज्या एचटीटीपी या संदेशपद्धतीवर चालतात तिला स्मरणशक्ती नाही. एका क्लिकला तुम्ही कोण होता ते पुढच्या क्लिकला तिला ठाऊक नसतं. म्हणून पासवर्ड पटला की सर्व्हर एक लांब, अंदाज न बांधता येणारा क्रमांक तयार करतो आणि ब्राउझरला देतो. ब्राउझर तो कुकीत, म्हणजे त्या साइटसाठी जपलेल्या छोट्या नोंदीत, ठेवतो आणि प्रत्येक विनंतीसोबत दाखवतो. कुकीची ही कल्पना १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी आणली आणि आजही बहुतेक लॉगिन याच पद्धतीने टिकून राहतं.

थोडक्यात, पासवर्ड दारावर एकदाच दाखवायचा असतो. आत फिरताना छातीवरचा बिल्ला, म्हणजे तो क्रमांक, बघितला जातो. सेशनची चूक ही बिल्ल्याची चूक आहे. त्याची मुदत संपते, तो हरवतो, सर्व्हरकडची त्याची नोंद पुसली जाते, किंवा त्याच नावाने दुसरा बिल्ला निघाल्यामुळे पहिला रद्द होतो. म्हणूनच अशा वेळी पासवर्ड बदलून काही साधत नाही. उलट घाईत चारपाच वेळा पासवर्ड चुकला तर खातं लॉक होऊ शकतं आणि एका अडचणीच्या दोन होतात.

संदेश शब्दशः लिहून घ्या

‘लॉगिन होत नाही’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. स्क्रीनवरचा मजकूर आणि आकडा जसाच्या तसा टिपून ठेवा. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. बिल्ला नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण त्या पानाचा अधिकार नाही. हे प्रकरण बहुधा सेशनचं नसतं. ज्याच्या हातात युजरचे हक्क आहेत त्याच्याकडे जा. ‘पेज एक्स्पायर्ड’ आणि ४१९ असं दिसलं तर फॉर्मची सुरक्षा-खूण जुनी झाली आहे. रात्री उघडं ठेवलेलं लॉगिनचं पान सकाळी वापरायला गेलं की हे हमखास होतं, आणि पान नव्याने उघडलं की सुटतं. ५०० पासून पुढचे आकडे, म्हणजे ५०२, ५०३, ५०४, हे सर्व्हरच्या बाजूचे आहेत. तिथे आपला ब्राउझर कितीही पुसला तरी फरक पडायचा नाही.

‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ हा प्रकार जरा वेगळा आहे. लॉगिनचं पान तुम्हाला आत पाठवतं, आतलं पान बिल्ला सापडत नाही म्हणून परत लॉगिनकडे पाठवतं, आणि हे चक्र ब्राउझरच कंटाळून तोडतो. कुकी साठवलीच जात नसेल किंवा जुनी बिघडलेली कुकी मध्ये येत असेल तेव्हा असं होतं.

दोष कुठे आहे ते शोधणाऱ्या चार चाचण्या

काहीही पुसण्याआधी या चाचण्या करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे महत्त्वाचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि चार दिवसांनी तीच अडचण परत दारात उभी राहते.

पहिली चाचणी खासगी विंडोची. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तिथे जुन्या कुकी नसतात आणि क्रोम-एजमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, हेही सहसा बंद असतात. इथे चाललं तर दोष तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या गोष्टींत आहे. नाही चाललं तर दुसरी चाचणी: तोच कॉम्प्युटर, पण इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. आता चाललं तर दोष ऑफिसच्या नेटवर्कमध्ये. तिसरी: तोच युजर, दुसरा कॉम्प्युटर. तिथे चाललं तर पहिल्या कॉम्प्युटरकडे बघा, विशेषतः त्याच्या घड्याळाकडे. चौथी: तोच कॉम्प्युटर, दुसरा युजर. दुसऱ्याचं चालतं आणि पहिल्याचं कुठेच चालत नाही, तर प्रश्न त्या खात्याचा आहे. सगळीकडे सगळ्यांचंच अडत असेल तर सर्व्हर. मग सॉफ्टवेअर कंपनीचं सेवा-स्थितीचं पान उघडून बघा आणि बाकीची खटपट थांबवा.

ब्राउझर: सगळं पुसू नका

‘हिस्ट्री आणि कुकीज क्लिअर करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो पटत नाही. सगळ्या कुकी पुसल्या की इतर सगळ्या साइटमधूनही तुम्ही बाहेर पडता, ‘हे उपकरण लक्षात ठेवा’ म्हणून दिलेली मान्यता जाते आणि प्रत्येक ठिकाणी ओटीपीची रांग लागते. त्यापेक्षा त्या एका साइटच्याच कुकी काढा. अॅड्रेस बारमध्ये पत्त्याच्या डावीकडे जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करा, कुकी आणि साइट डेटा हा पर्याय निवडा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नावाच्या नोंदी काढा. मग त्या साइटच्या सगळ्या टॅब बंद करा आणि नवी टॅब उघडा. एखादं सॉफ्टवेअर इंटरनेट नसतानाही एंट्री घेतं आणि त्या ब्राउझरमध्येच साठवून ठेवतं. तुमचं तसं असेल तर साइट डेटा काढण्याआधी सगळं सर्व्हरवर चढल्याची खात्री करा, नाहीतर त्या एंट्रीही जातील.

एक कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं, ते म्हणजे बुकमार्क. लॉगिन चालू असताना पत्त्याच्या पुढे आकड्या-अक्षरांची लांबलचक शेपटी दिसते. ती त्या एका वेळेपुरतीच खरी असते. तेव्हाच बुकमार्क केलं तर रोज सकाळी तीच जुनी शेपटी सर्व्हरकडे जाते आणि ‘इन्व्हॅलिड स्टेट’ किंवा ‘इन्व्हॅलिड रिक्वेस्ट’ असं उत्तर येतं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की बऱ्याचदा चालतं, म्हणून लोक वर्षानुवर्षं ‘आमचं पहिल्यांदा कधीच उघडत नाही’ असं धरून चालतात. बुकमार्क काढून टाका, सॉफ्टवेअरचा मूळ छोटा पत्ता हाताने टाइप करा आणि तोच जतन करा.

रोज सकाळी लॉगिन मागतं, पण दिवसभर ठीक चालतं? ब्राउझर बंद करताना कुकी पुसण्याची सेटिंग चालू आहे का बघा. काही अँटिव्हायरस आणि सफाईची अॅपही रात्रीत हे काम करून ठेवतात. उलट, जेवून आलं की बाहेर काढलेलं असतं, अशी तक्रार असेल तर आजचे ब्राउझर न वापरलेल्या टॅबना झोपवतात हे लक्षात घ्या. काही सॉफ्टवेअर टॅब उघडी असेपर्यंत मागून ‘मी इथेच आहे’ असा निरोप सर्व्हरला पाठवत राहतं. टॅब झोपली की निरोप थांबतो आणि वेळ संपते. ब्राउझरच्या परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये ‘या साइट नेहमी चालू ठेवा’ अशी यादी असते, तिथे पत्ता टाका.

घड्याळ

सेशनच्या दुखण्यात सर्वांत जास्त वेळ खाणारं आणि सर्वांत सोपं कारण हेच.

एका ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर रोज सकाळी ओटीपी चुकायचा. ओटीपीच्या अॅपमधला ६ अंकी आकडा अचूक टाकूनही नकार. पासवर्ड बदलून झाला, ब्राउझर पुन्हा टाकून झाला. मी शेजारी बसले तेव्हा नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली, मग भिंतीवरच्या घड्याळावर. ७ मिनिटांचा फरक होता. तिथे ओटीपीचं अॅप मोबाइलवर नव्हतंच. आकडे त्या कॉम्प्युटरवरच्याच एका प्रोग्रॅममधून येत होते. वेळ जुळवली आणि पुढच्याच आकड्याला आत गेलो.

त्यामागचं गणित असं. हे आकडे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं एक गुपित आणि त्या क्षणीची वेळ यांतून तयार होतात, आणि सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं आरएफसी ६२३८ हे त्याचं मानक. नेटवर्कला लागणारा वेळ धरून सर्व्हर एखाद्या टप्प्याची सवलत देतो, ७ मिनिटांची देत नाही. आकडा ज्या उपकरणावर तयार होतो त्याचं घड्याळ महत्त्वाचं, म्हणून आधी ते उपकरण कोणतं ते विचारा.

कॉम्प्युटरचं घड्याळ इतर वाटांनीही त्रास देतं. काही सॉफ्टवेअर बिल्ल्याची मुदत तुमच्याच घड्याळावरून मोजतं, त्यामुळे घड्याळ पुढे असलं तर आत आल्या आल्या मुदत संपलेली ठरू शकते. तारीखच चुकली असेल तर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अवैध दिसतं आणि लॉगिनचं पानही उघडत नाही.

तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. टाइम झोनही तपासा. झोन चुकीचा असताना कोणीतरी हाताने काटे पुढे-मागे केलेले असतील, तर दिसणारी वेळ बरोबर आणि आतली वेळ चूक अशी स्थिती असते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर२०३२ असतो आणि बदलणं अगदी सोपं असतं.

दोन इंटरनेट लाइन, एक सेशन

हॉटस्पॉटवर चाललं आणि ऑफिसच्या नेटवर अडलं, तर राउटर बघा. दोन कंपन्यांच्या लाइन घेऊन राउटर वाहतूक वाटून देत असेल, तर एक क्लिक एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका ओळख-क्रमांकावरून, जाते आणि दुसरी दुसऱ्यावरून. सुरक्षेसाठी बिल्ला आयपीशी बांधणारं सॉफ्टवेअर याला चोरी समजतं आणि बाहेर काढतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वाहतूक एकाच लाइनवरून जाईल असा नियम राउटरमध्ये घाला. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्फत जाणारी खासगी जोडणी, मध्येच चालू-बंद होत असेल तरी हेच घडतं.

ऑफिसच्या नेटवर्कवरचं सॉफ्टवेअर: ‘युजर ऑलरेडी लॉग्ड इन’

डेटा ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर असेल आणि बाकीचे त्याला जोडले असतील, तर दुखणं वेगळं. वीज गेली किंवा प्रोग्रॅम हँग होऊन बंद पडला, आणि परत उघडल्यावर सॉफ्टवेअर म्हणतं, हा युजर आधीच आत आहे. आत कोणी नसतं. मागच्या वेळचं सेशन नीट न मिटता तसंच राहिलेलं असतं.

आधी त्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा. खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम मागे चालू असू शकतो. असेल तर तिथून संपवा. तरी अडत असेल तर कोणाकोणाचं काम चालू आहे ते तोंडी विचारून घ्या, सगळ्यांना एंट्री सेव्ह करून बाहेर पडायला सांगा आणि डेटाचा बॅकअप घ्या. मग सॉफ्टवेअरमध्ये अॅडमिनकडे ‘अॅक्टिव्ह युजर्स’सारखी यादी आहे का बघा आणि अडकलेलं नाव तिथून काढा. तसं काही नसेल तर सर्व्हर असलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यात ‘ओपन फाइल्स’ उघडा. कुठल्या कॉम्प्युटरने कुठली फाइल धरून ठेवली आहे ते तिथे दिसतं. अडकलेली तेवढी बंद करा.

लॉकची फाइल, म्हणजे डेटा वापरात असल्याची खूण म्हणून सॉफ्टवेअरने ठेवलेली फाइल, शोधून हाताने डिलीट करण्याचा उपाय अनेक जण सांगतात. कोणी एक जण जरी आत असेल आणि ही फाइल उडवली, तर दोघं एकाच वेळी एकाच जागी लिहू शकतात आणि डेटा बिघडतो. बॅकअप नसेल तर हे करूच नका.

असं वारंवार होत असेल तर मूळ शोधा. नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली असते, ती काढा. डेटाची फाइल वायफायवरून उघडू नका, केबल टाका. विंडोजचा सर्व्हर १५ मिनिटं निष्क्रिय राहिलेलं शेअर कनेक्शन सोडून देतो. बहुतेक प्रोग्रॅम ते मुकाट्याने परत जोडून घेतात, जुनी काही सॉफ्टवेअर मात्र अडखळतात.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर

बाहेर काढण्याची वेळ मोजा, त्यातच उत्तर असतं. सॉफ्टवेअर ज्या तंत्रावर बांधलेलं असतं त्याची स्वतःची मर्यादा असते. २४ मिनिटं निष्क्रिय राहिल्यावर जात असेल तर पीएचपीची मूळ मर्यादा १४४० सेकंद आहे, हे आठवा. २० मिनिटं म्हणजे एएसपी डॉट नेट, ३० म्हणजे टॉमकॅट, आपापल्या मूळ सेटिंगवर. सगळे जण एकदम बाहेर फेकले जात असतील आणि ती वेळ रोज ५ तासांनी पुढे सरकत असेल, आज सकाळी १० ला, उद्या दुपारी ३ ला, तर आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमधला अॅप्लिकेशन पूल, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारी प्रक्रिया, बघा. तो मूळ सेटिंगनुसार दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू होतो आणि त्याच्या मेमरीतली सेशन पुसली जातात. ही वेळ रात्रीची ठरवून द्या. आणि कोणालाच लॉगिन होत नसेल तर डिस्क भरली आहे का ते सर्वांत आधी तपासा, कारण नवा बिल्ला लिहायला जागाच उरलेली नसते.

मर्यादा वाढवायचा मोह होतो, पण दिवसभराची ठेवू नका. उघड्या स्क्रीनसमोर कोणीही बसू शकतं. कार्डांची माहिती हाताळणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकात १५ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख मागितली आहे. मोठी बिलं भरणाऱ्यांसाठी मसुदा आपोआप जतन होण्याची सोय चालू करणं हा त्यापेक्षा बरा मार्ग.

एक युजर, तीन माणसं

दिवसातून अनेकदा, ठरावीक वेळ नसताना, दोघं आळीपाळीने बाहेर पडत असतील तर ते एकच युजर वापरत आहेत. एकाने लॉगिन केलं की दुसऱ्याचा बिल्ला रद्द होतो. यावर तांत्रिक उपाय शोधू नका, वेगळे युजर काढा. खर्च वाढतो, मान्य आहे. पण एंट्री कोणी बदलली हे ज्या वहीत सांगता येत नाही, त्या वहीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि चूक सापडली की संशय निर्दोष माणसावरही येतो.

मदत मागताना

एवढ्यावरही सुटलं नाही तर सॉफ्टवेअरच्या मदत विभागाला लिहा. अचूक संदेश, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ टाइम झोनसकट, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, कुठल्या पानावर घडलं, आणि वरच्या चार चाचण्यांचे निकाल. चाचण्या दिल्या की ‘कुकी पुसून बघा’ हे पहिलं ठरलेलं उत्तर टळतं.

ते एचएआर फाइल मागू शकतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं सगळं बोलणं तिच्यात नोंदलेलं असतं, आणि तुमचा चालू बिल्लाही असू शकतो. २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन-सेवा कंपनीच्या मदत विभागाच्या यंत्रणेतून ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइल चोरीला गेल्या आणि त्यांतल्या सेशनच्या खुणा वापरून काही ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव झाला. तिथे पासवर्डाची गरजच पडली नाही. म्हणून फाइल बनवताना संवेदनशील माहिती वगळण्याचा पर्याय निवडा, क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत तो मुळातच निवडलेला असतो. फाइल तयार झाली की ती पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमधून ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ करा आणि नव्याने आत या.